बाईजींचा हौद

मला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे कोणी तरी विचारतंच. धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत लोकांच्या घरचे पोहण्याचे तलाव सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, पण त्यांतल्या एकाही तलावात मी कोपराच्या वर भिजले नाही. आचारी पंगतीला बसतोच असं थोडंच आहे?

‘खानदेशात आणि घरचे तलाव?’ म्हणून पुण्याकडचे नातेवाईक हसायचे. हसण्यासारखंच होतं. उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला पाणी येणं ही शेजाऱ्याला हाक मारून सांगण्याची बातमी असायची. पण त्या काळात केळीचा, सरकीच्या तेलाचा पैसा हातात खेळू लागला होता, आणि ज्यांच्या आवारात बारमाही विहीर होती त्यांच्यातल्या काहींना ही हौस सुचली. मुंबईचा कंत्राटदार यायचा, खड्डा खणायचा, निळ्या फरश्या बसवायचा, पंप आणि वाळूची गाळणी जोडून निघून जायचा. सुरुवातीला सगळं घर पाण्यात. मग पाणी हिरवं व्हायचं, आणि हिरवं झालं की लोक आमच्या दुकानात यायचे.

दुकान सासऱ्यांचं. शाळा-कॉलेजांना काचेची भांडी आणि रसायनं पुरवण्याचं. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. ‘पाणी हिरवं झालंय, काय टाकू?’ असं गिऱ्हाईकानं विचारलं की सासरे मान वर न करता म्हणायचे, “सूनबाईंना विचारा.” माझ्या व्यवसायाचं उद्घाटन झालं ते एवढंच. पुढे मी मोपेड घेतली, पायाशी ॲसिडचा कॅन ठेवला आणि घरोघरी जाऊ लागले. कॅनमुळे रस्त्यात माझ्या वाटेला कोणी जायचं नाही, हा एक फायदा.

धंदा तसा सोपा. साठलेल्या पाण्यावर खानदेशातलं ऊन पडलं की शेवाळ धरणारच. त्यावर टीसीएल टाकायची. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती उग्र वासाची पांढरी पावडर. तिच्यातला क्लोरीन शेवाळ आणि जंतू मारतो. इथवर कंत्राटदारही सांगायचा. पुढचं सांगायच्या आत त्याची गाडी सुटायची. क्लोरीन काम करणार की नाही, हे पाण्याच्या पीएचवर असतं. पीएच म्हणजे पाणी आंबटाकडे झुकलंय की सोड्याकडे, याचं माप. सात म्हणजे मधोमध. तलावाला सातच्या किंचित वरचं मानवतं. फार खाली गेलं तर पंपाचं लोखंड खाल्लं जातं आणि डोळे चुरचुरतात. फार वर गेलं तर क्लोरीन पाण्यात असतो, पण झोपलेला. आता आमच्या विहिरींचं पाणी मुळातच जड, सोड्याकडे झुकलेलं. त्यात टीसीएलमध्ये चुना, तो पीएच आणखी वर नेतो. म्हणजे औषध जितकं ओतावं तितकं ते गाढ झोपतं, आणि ते झोपलंय म्हणून लोक आणखी ओततात. हे चक्र तोडायला ॲसिड लागतं. थोडं थोडं, लांब उभं राहून, आणि वाऱ्याची दिशा बघून.

माझ्या पिशवीत एक लहान डबी असायची, तिच्यात काचेच्या दोन नळ्या. एकीत तलावाचं पाणी घेऊन लाल औषधाचे थेंब टाकले की पीएच कळतो: पिवळं झालं तर आंबट, नारिंगी-लाल तर ठीक, जांभळट गुलाबी तर वर गेलेलं. दुसऱ्या नळीत क्लोरीन कळतो. जितका पिवळा रंग तितका क्लोरीन. एवढ्या दोन नळ्यांवर मी दोन मुलांची शिक्षणं काढली.

गिऱ्हाईकं मात्र सोपी नसायची. सावद्याकडे केळीवाले एक आबा होते. त्यांच्या तलावाशी मी उभी राहिले आणि विचारलं, “आबा, यात काय टाकलंत?”

“काही नाही, ताई.”

“पाणी निळं दिसतंय.”

“तलाव निळाच असतो ना?”

बऱ्याच वेळानं कळलं की फवारणीसाठी आणलेलं मोरचूद त्यांनी त्यात ओतलं होतं. थोडंसंच. म्हणजे घमेलंभर. त्यात त्यांचे व्याही मनसोक्त डुंबले, आणि त्यांच्या पांढऱ्या केसांवर हिरवट झाक घेऊन घरी गेले.

“व्याही काही बोलले नाहीत?”

“ते काय बोलतील? मुलीकडचे.”

तेव्हापासून मी एक ठरवलं. गिऱ्हाईक सांगतं ते ऐकायचं, पण आपण नसताना त्या पाण्याचं काय होतं ते बघायचं. हे ठरवूनही बाईजींच्या घरी ते बघायला मला उशीरच झाला.

बाईजींचं घर धुळ्यात, पांझरेच्या पलीकडे. मूळचे राजस्थानातले जैन, पण धुळ्यात कित्येक पिढ्या. घरची तेलाची गिरणी. बोलणं मारवाडी, हिंदी आणि मराठी एकत्र कालवलेलं. बाईजी म्हणजे घरातल्या सगळ्यांत मोठ्या. मुलगा कांतीशेठ, सून सरला. सरलाचं माहेर धरणगावचं. तलाव कांतीशेठच्या हौसेचा. बाईजी त्याला हौदच म्हणायच्या. हौस फिटल्यावर तो कोरडा पडला होता. मग एकदा पिंपळनेरहून लग्न आटोपून येताना जीप उलटली आणि सरलाच्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन आत धातूची पट्टी बसली, पण पाय ताठ राहिला. डॉक्टर म्हणाले, छातीइतक्या पाण्यात रोज चालवा. पाण्यात अंगाचं वजन पायावर येत नाही, पाय भीत नाही. पाणी स्वच्छ हवं एवढीच अट. ऑपरेशनच्या जागेची कातडी अजून नाजूक होती. हे चालणं सुटलं तर पाय तसाच राहील, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून हौद पुन्हा भरला आणि मला बोलावणं आलं.

कांतीशेठनी मला फाटकाशीच गाठलं. “ताई, एक करा. बाईजींनी विचारलं तर तुरटी म्हणून सांगा. पाणी निवळायला तुरटी टाकतात. बस.”

“आणि वास?”

“वासाचं मी बघतो.”

कारण उघड होतं. बाईजी पाणी गाळून, उकळून घेणाऱ्या. सूर्य मावळला की पाण्याचा थेंब नाही. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून अंगणातसुद्धा बघून चालणाऱ्या. जीव मारणारं औषध त्यांच्या दारात चालणं शक्य नव्हतं. मी शेठना म्हटलं, “मी स्वतःहून काही सांगणार नाही.” त्यापुढचं वचन मी दिलं नाही आणि त्यांनीही मागितलं नाही.

दर बुधवारी सकाळी मी जायची. सरला सलवार-कमीज घालून पाण्यात असायची. जमिनीवर तिच्या एका हातात काठी, दुसरा हात भिंतीवर. त्या मोठ्या घरात ती पाहुण्यासारखी कडेकडेनं वावरायची. पाण्यात उतरली की वेगळीच बाई. “हिलालभाऊ, ते पान काढा. ताई, आज पाणी बोचतंय हं.” आणि पाणी बोचतंय म्हणाली की नळी गुलाबी यायचीच. हिलालभाऊ म्हणजे त्यांचे माळी. झाडं, विहीर, पंप, सगळं त्यांच्याकडे.

काम झालं की ओट्यावर बाईजींबरोबर चहा. दोन कप यायचे. सुंठ, वेलची, दूध आटवलेलं. इतका चांगला चहा मला सासरी कधी मिळाला नाही, आणि सासूबाई हा अंक वाचतात हे ठाऊक असूनही लिहिते आहे.

“सब छोड़ दिया, बेटी,” बाईजी कप दोन्ही हातांत धरून म्हणायच्या. “रात का खाना, कांदा, बटाटा, सगळं. एक चाय नहीं छूटती. महाराजसाहेब म्हणतात, सोडा. मी म्हणते, अगले साल.”

चहानंतर त्या विहिरीवर जाऊन माशांना कणकेच्या गोळ्या टाकायच्या. एकदा परत येऊन म्हणाल्या, “आजकाल मासे वर येत नाहीत. आवाज देते, तरी नाही.”

“उन्हाळा आहे, बाईजी. तळाला गेले असतील.”

मी असं म्हणाले आणि कप खाली ठेवून निघाले.

त्याच सुमाराला पाणी बिघडायला लागलं. टीसीएल टाकावी, पुढच्या बुधवारी नळीत पिवळ्या रंगाचा मागमूस नाही. आणखी टाकावी, तर पीएच वर. ॲसिडनं खाली आणावा, तर दोन दिवसांत कडेला पुन्हा हिरवी रेघ. सरलाच्या मांडीवर पुरळ उठलं. डॉक्टरांनी सांगितलं, पाणी असंच राहणार असेल तर चालणं बंद करा. सरला मला म्हणाली, “ताई, काय वाट्टेल ते करा, पण हे बंद होऊ देऊ नका. परवा मी पाण्यात काठाला न धरता गेले. त्या टोकापर्यंत.” मी माप तपासलं, पंप तपासला, टीसीएल जुनी म्हणून नवी पिशवी आणली. हिशेब कुठेच चुकत नव्हता आणि पाणी सुधारत नव्हतं.

मग एका मंगळवारी दुसरीकडचं काम रद्द झालं म्हणून मी एक दिवस आधीच गेले. तो गाळणी धुण्याचा दिवस होता. वाळूच्या गाळणीत पाणी उलट्या दिशेनं सोडलं की अडकलेलं शेवाळ, घाण बाहेर पडते. त्या पाण्याचा पाइप मी लिंबाच्या आळ्यात सोडायला सांगितला होता. लिंबाचं आळं कोरडं होतं. पाइप आवारभर लांबवून विहिरीत सोडला होता, आणि बाईजी काठाशी हात जोडून उभ्या होत्या.

“हळू, हिलाल. वरून पाडू नको. पाण्याला टेकू दे.”

हिलालभाऊंनी पाइपाला दोर बांधून त्याचं तोंड अलगद खाली, पाण्याला टेकेपर्यंत सोडलं होतं.

ही त्यांच्याकडची जुनी रीत. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, आणि फडक्यावर राहिलेले बारीक जीव मारायचे नाहीत, वाऱ्यावर टाकायचे नाहीत. फडकं थोड्या पाण्यात खळबळून ते पाणी ज्या विहिरीतून आलं त्याच विहिरीत परत सोडायचं, तेही उंचावरून नाही. त्याला त्या जिवाणी म्हणायच्या. हौदाची गाळणी म्हणजे मोठं फडकं, एवढाच विचार बाईजींनी केला होता, आणि त्यांच्या बाजूनं तो चोख होता.

मी हिलालभाऊंना बाजूला घेतलं. “हे कधीपासून?”

“पहिलेपासून शे, ताई. बाईजी सांगतस तसं मी करस.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “मासा मरेल निंघतस. मी सकायमा काढी टाकस. बाईजीले सांगं नही.” म्हणजे मेलेले मासे ते रोज सकाळीच गुपचूप काढून टाकत होते.

हौद विहिरीवर भरत होता आणि हौदाची घाण विहिरीत जात होती. उन्हाळ्यात विहीर तळाला गेलेली. मी जितकं औषध वाढवत होते तितकं ते तिथे पोचत होतं. मेलेलं शेवाळ तिथे कुजत होतं, नवं वाढत होतं, आणि पंप सुरू झाला की तेच पाणी हौदात येऊन माझा सगळा क्लोरीन खात होतं.

मी पोहऱ्यानं विहिरीचं पाणी काढलं आणि नळीत थेंब टाकले. रंग फिका आला, पण पिवळा.

“हे पिवळं कशाचं?” बाईजी माझ्या खांद्यावरून बघत होत्या.

“औषधाचं.”

“तुरटीचं?”

सरला पाण्यात होती. ती चालायची थांबली. तिचं सगळं माझ्या उत्तरावर होतं आणि ते तिलाही माहीत होतं.

“नाही, बाईजी. तुरटीला असा रंग येत नाही.”

“मग हे औषध करतं काय?”

“शेवाळ मारतं. जंतू मारतं.”

“जीव मारतं.”

“हो.”

“हौदात.”

“हौदात. आणि आता विहिरीतही.”

त्यांनी हिलालभाऊंकडे पाहिलं. हिलालभाऊ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. “मछलियाँ?” त्यांनी विचारलं. बाईजी विहिरीच्या कठड्यावर बसल्या. “मी रोज हात जोडत होते,” त्या म्हणाल्या. मग उठल्या. “हौद बंद.”

सरला पायऱ्या चढून वर आली, काठी घेतली आणि आत गेली. फरशीवर तिच्या ओल्या पावलांचे ठसे राहिले. एक पूर्ण, एक फरफटलेला.

संध्याकाळी कांतीशेठ दुकानात आले. “एक शब्द होता, ताई! तुरटी! तेवढंही नाही म्हणवलं?”

“शेठ, तुरटीनं मासे मरत नाहीत.”

ते तसेच गेले. सासरे म्हणाले, “चांगलं घर गेलं.” मीही तेच म्हणत होते. घरापेक्षा त्या पोरीचा पाय मनातून जात नव्हता. खरं बोलल्याचं समाधान वगैरे मला काही झालं नाही. तिचं चालणं बंद झालं, एवढंच झालं होतं.

बऱ्याच दिवसांनी हिलालभाऊ दुकानाच्या पायरीशी उभे. “बाईजीनी बलायेल शे तुमले, ताई.”

बाईजी ओट्यावरच होत्या. उगाच प्रस्तावना त्यांनी केली नाही.

“किती दिवस लागतील तिला?”

“पायाचं डॉक्टर सांगतील. मी पाण्याचं सांगते.”

“मग पाण्याचं सांग. कमीत कमी किती औषधात भागेल?”

इतक्या वर्षांत एवढा नेमका प्रश्न मला दुसऱ्या कोणी विचारला नाही. बाकी सगळे ‘आणखी काय टाकू’ विचारायचे. मी म्हटलं, “ऊन अडवलं तर शेवाळ धरतच नाही. जे जन्मलंच नाही ते मारावं लागत नाही.”

“पाणी उकळतो ते त्यासाठीच,” त्या म्हणाल्या. “पुढे जीव होऊ नयेत म्हणून.”

मग आम्ही दोघींनी मिळून त्या हौदाची रीत बसवली. विहिरीचं पाणी हौदात पडण्याआधीच पाइपाच्या तोंडाला दुहेरी जाड फडकं. औषध लागायच्या आधीच जिवाणी विहिरीत परत. ते काम बाईजी स्वतः बघणार. गाळणीचं धुणं लिंबालाच. हौदावर काळी ताडपत्री, सरला पाण्यात असेल तेवढीच वेळ उघडी. पीएच मी काटेकोर सांभाळणार, म्हणजे जो थोडा क्लोरीन टाकू तो जागा राहील. माशांपुरतं पाणी ठेवून विहीर उपसली आणि झऱ्याचं नवं पाणी येऊ दिलं. पर्युषणात औषध बंद आणि सरलाही बाहेर. मी हिशेब केला तेव्हा औषध पूर्वीच्या मानानं अगदी चिमूटभर उरलं.

“पण शून्य नाही होणार, बाईजी. थोडं लागेलच.”

“जो बचेगा, उसका मैं देखूँगी.”

त्या दिवशी चहाचा एकच कप आला.

“तुमचा?”

“सोडला.”

“कधीपर्यंत?”

“हौद चालू आहे तोवर.” मी कप खाली ठेवायला लागले तर म्हणाल्या, “पी तू. टाकणारी तू, पण सांगणारी मी आहे.”

पुढचे सगळे बुधवार मी एकटीनं चहा प्यायले. समोर ज्याला तो सोडवत नव्हता असं माणूस बसलेलं असताना चहा पिणं सोपं नसतं. त्या वाफेकडे बघत नसत. दर वेळी एवढंच विचारायच्या, “वेलची बरोबर पडली?”

“पडली.”

जैन स्थानकात, म्हणजे साधू-साध्वी उतरतात त्या वास्तूत, साध्वीजी चातुर्मासाला आल्या होत्या. व्याख्यान माडीवर. बाईजी जिना चढून जायच्या, सरला खालीच रिक्षात बसून ऐकायची. पाणी मात्र असं झालं होतं की तळाच्या फरशीवर पडलेली हेअरपिन दिसावी. विहिरीतले मासे पुन्हा वर यायला लागले. पुरळ गेलं. सरला बुधवारी मला बघितलं की मुद्दाम मध्यावरून चालून दाखवायची.

आता त्यातले बहुतेक तलाव नाहीत. विहिरींनी तळ गाठले, काही ठिकाणी मुलं वेगळी झाली आणि मधोमध भिंत आली. आबांचा तलाव बुजवून त्यावर केळी पिकवायची खोली बांधली आहे. माझी डबी अजून आहे. त्यातले रंग उडाले. मोपेडचा आवाज ऐकून ‘औषधवाली ताई आली’ म्हणत फाटक उघडणारं आता कोणी नाही, आणि गुडघ्यांमुळे तलावाच्या काठाशी बसणंही मला होत नाही. कधी कोणी ओळखीचं नवं पंचतारांकित हॉटेल दाखवायला नेतं, तर बाकीचे झुंबर बघतात आणि मी तलावाचा वास घेते. वास फार आला तर समजावं, हिशेब चुकलाय.

बाईजींच्या घरचा शेवटचा बुधवार दिवाळीनंतरचा. फाटकातून शिरले तर पंपाचा आवाज नाही. ताडपत्री घडी घालून भिंतीवर ठेवलेली. हौद भरलेला, पाणी स्थिर, आत कोणी नाही. माझ्या मनात नको ते आलं. हात तेवढ्यात सवयीनं डबीकडे गेला. नळी भरली, थेंब टाकले. नारिंगी-लाल, अगदी जसा हवा तसा. मी ती उन्हात धरून बघत होते तेवढ्यात मागे कपबश्यांचा आवाज झाला.

सरला ट्रे घेऊन येत होती. ट्रे दोन्ही हातांत. चालताना खांदा थोडा झुकत होता, पण काठी नव्हती आणि भिंत चांगली हातभर लांब होती.

“काल वरपर्यंत गेली,” बाईजी ओट्यावरून म्हणाल्या. “माडीवर. पूरा व्याख्यान बैठी.”

ट्रेमध्ये दोन कप होते. ते पाहिले आणि मला कळलं, हे गिऱ्हाईक गेलं.

बाईजींनी आपला कप उचलला. पहिला घोट घेऊन बराच वेळ त्या विहिरीकडे बघत राहिल्या. सरला उभीच होती. चहा तिनं केला होता.

“वेलची बरोबर पडली, ताई?” तिनं विचारलं.

वेलची भलतीच जास्त झाली होती.

“बरोबर आहे,” मी म्हटलं.